लय सुटली की मुद्दाम ओढली?

पत्र, थोडक्यात: कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका वाचकाचा पाच जणांचा ऐकण्याचा कट्टा आहे. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, एक अख्खा अल्बम ऐकायचा आणि मग जेवायचं, हा त्यांचा सहा वर्षांचा शिरस्ता. अमेरिकी सोल गायक डी’अँजेलो ऑक्टोबर २०२५ मध्ये गेला, तेव्हा या वाचकाने त्याचा २०१४ सालचा पुनरागमनाचा अल्बम ‘ब्लॅक मसाया’ सुचवला. नोव्हेंबरात गच्चीवर, एका ब्लूटूथ स्पीकरवर, तांबडा-पांढरा वाढता वाढता तो वाजला. तबला वाजवणारा मित्र दुसऱ्याच गाण्याला म्हणाला, “भावा, ह्याची लयच सुटलीय की!” गायकाचा जुना भक्त असलेल्या मित्राने त्यावर “तुला कळायला अजून दहा वर्षं लागतील” असं सुनावलं. एक मैत्रीण म्हणाली, “आवाज आतल्या खोलीतनं आल्यासारखा वाटतोय.” वाचकाने सगळ्यांनाच मान डोलावली. खरं तर आधीचे दोन्ही अल्बम त्याला पाठ आहेत आणि हा आवडलेला नाही; यातले शब्दच कळत नाहीत, अशीही त्याची तक्रार आहे. तीन आठवडे ग्रुपवर शुकशुकाट आहे. त्याचे प्रश्न दोन: माझ्याच कानात काही कमी आहे का? आणि कट्टा मोडू नये म्हणून मी खरं बोलू की नको?

नमस्कार,

तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी एक गोष्ट तपासून घेऊ. त्या रविवारी तुम्ही पाच जणांनी नक्की काय ऐकलं? पत्रावरून तरी असं दिसतं, की अल्बमचा बराचसा भाग त्या गच्चीपर्यंत पोचलाच नाही. देवल क्लबात बैठकीला जाताना कुणी ताट हातात घेऊन बसत नाही, ही एक बाब. पण रश्श्यापेक्षा मोठा गुन्हेगार तो स्पीकर आहे.

बेस गिटारची सर्वांत खालची तार मोकळी छेडली तर साधारण ४१ हर्ट्झला बोलते. हातात मावणारा ब्लूटूथ स्पीकर ८० ते १०० हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाही. खालचा मूळ स्वर गळून जातो आणि आपला कान वरच्या स्वरांशांवरून तो अंदाजाने भरून काढतो. बहुतेक गाण्यांना एवढ्यावर भागतं. इथे भागत नाही, कारण या अल्बमचा कणाच पिनो पॅलाडिनोचा बेस आहे. तो काढून घेतला की फाटक्या आवाजाच्या गिटारी, टाळ्या आणि एकावर एक रचलेले गळे एवढंच हाती लागतं. डी’अँजेलो स्वतःच्याच आवाजाचे थर लावतो आणि ते वाद्यांच्या वर न ठेवता त्यांच्या मधोमध बसवतो. एकाच डब्यातून डावं-उजवं एकत्र बाहेर पडलं की त्या थरांचा लगदा होतो. त्यातून उघडी गच्ची. खोलीच्या भिंती खालच्या स्वरांना जो आधार देतात, तोही तिथे नाही.

म्हणजे चांगले स्पीकर आणले की सगळं लख्ख होईल, असं मात्र समजू नका. हा काळपट, दाट आवाज ठरवून केलेला आहे. अल्बमचं ध्वनिमुद्रण, ध्वनिपरिणाम आणि मिक्सिंग टेपवर, बहुतांशी जुन्या उपकरणांवर झालं आणि डिजिटल प्लग-इन वापरले नाहीत, असं अल्बमसोबतच जाहीर केलेलं होतं. या जातीच्या आवाजाला पूर्वजही आहे. १९७१ साली स्लाय स्टोन या फंक गायकाने एका टेपवर थरांवर थर चढवून असाच धुरकट आवाज काढला होता. तुमच्या मैत्रिणीने ‘आतली खोली’ अचूक ओळखली. फरक इतकाच, की स्पीकर नीट असेल तर त्या खोलीत काय चाललंय तेही ऐकू येतं.

आता तबलावाल्या मित्राकडे येऊ, कारण या भांडणातला सर्वांत मोलाचा माणूस तोच आहे. त्याला लय खटकली हे त्याचा कान तयार असल्याचं लक्षण आहे. इथे ड्रमचे सगळे ठोके मात्रेवर नेमके पडत नाहीत. स्नेअर, म्हणजे टाळीसारखा कडक वाजणारा ड्रम, केसभर उशिरा येतो आणि बेस त्याच्याही मागे रेलून चालतो. ही चाल १९९० च्या दशकातल्या हिप-हॉपमधून आली. जे डिला हा निर्माता ड्रम मशीनवर हाताने ठोके द्यायचा आणि ते आपोआप मात्रेवर ओढून बसवणारी सोय बंद ठेवायचा. क्वेस्टलव्हसारखे ड्रमर मग तोच लंगडेपणा हाताने, खऱ्या ड्रमवर वाजवायला शिकले. डी’अँजेलोच्या २००० सालच्या ‘वूडू’मध्ये तो भरपूर आहे. तुम्हाला तो अल्बम पाठ आहे, म्हणजे तुमचा कान याला सरावलेला आहे. मित्राचा नाही. तुमच्या दोघांतला अर्धा मतभेद इथेच आहे.

लय सुटली की ओढून धरली, हे ठरवायची एक सोपी कसोटी आहे. पहिलं गाणं, ‘एन्ट दॅट ईझी’, लावा. एकाने फक्त बेसबरोबर मांडीवर थाप द्यायची, दुसऱ्याने फक्त स्नेअरबरोबर टाळी. आठ आवर्तनं एवढंच ऐका. ज्याची लय सुटते त्याच्या ठोक्यांमधलं अंतर दर वेळी वेगळं पडतं. ज्याने ती ओढून धरली आहे त्याचं अंतर आठही आवर्तनांत तेवढंच राहतं. मेट्रोनोम, म्हणजे एकाच वेगाने टिकटिक करणारं यंत्र, लावायचा मोह होईल, तो टाळा. माणसं एकत्र बसून वाजवतात तेव्हा सुरुवातीची लय आणि शेवटची लय यांत थोडा फरक पडतोच. मेट्रोनोम शेवटपर्यंत चालवलात तर तो फरकच चूक म्हणून दिसेल आणि भांडण पुन्हा सुरू. आणि हे सगळं पटूनही मित्र म्हणाला, “ओढलीय हे कळलं, पण मला नको,” तर विषय तिथे संपला. त्याचा हा नकार पहिल्यापेक्षा कितीतरी पक्का असेल.

भक्त मित्राच्या बोलण्यात वेगळीच गोम आहे. ‘कळायला दहा वर्षं लागतील’ यात एक गृहीतक दडलंय: जे अवघड ते मोठं, आणि ज्याला आवडलं नाही त्याला कळलं नाही. समीक्षकांनी हा अल्बम उचलून धरला, २०१६ साली त्याला सर्वोत्कृष्ट आर अँड बी अल्बमचा ग्रॅमी मिळाला, हे खरं. पण ग्रॅमी तुमच्या कानाला बांधील नाही. मार्व्हिन गेचा १९७८ चा घटस्फोटावरचा अल्बम आला तेव्हा लोकांनी नाक मुरडलं आणि पुढे त्याचं मोल वाढलं. उलट स्टीव्ही वंडरने १९७६ च्या अफाट यशानंतर तीन वर्षांनी वनस्पतींवरच्या माहितीपटासाठी केलेला दुहेरी अल्बम आजही त्याच्या कित्येक चाहत्यांच्या गळी उतरलेला नाही. प्रयोग केला म्हणून काळ प्रत्येकाला न्याय देतोच असं नाही. आणि न्याय द्यायचं काम तुमच्या कट्ट्याला कुणी सोपवलेलंही नाही.

तुमचं स्वतःचं गृहीतक मात्र यापेक्षा जरा नाजूक आहे. तुम्ही पत्रात लिहिलंत, ‘चौदा वर्षं वाट पाहायला लावून हे?’ ‘वूडू’ जानेवारी २००० चा, ‘ब्लॅक मसाया’ १५ डिसेंबर २०१४ चा. हिशेब बरोबर आहे. पण चौदा वर्षं तुम्ही ज्याची वाट पाहत होता तो दुसरा ‘वूडू’ होता, आणि तो करायचं त्याने कबूल केलेलं नव्हतं. आठवून पाहा, ‘वूडू’ आला तेव्हा १९९५ च्या ‘ब्राऊन शुगर’वर जीव टाकणाऱ्यांनाही तो लांबलेला, चाली हाताला न लागणारा वाटला होता. शिवाय सहाव्या गाण्यात, ‘बॅक टू द फ्युचर’च्या पहिल्या भागात, त्याने तुमच्यासारख्यांना खट्याळ उत्तर देऊन ठेवलंय: माझी तब्येत कशी आहे असं विचारताय, तेव्हा माझ्या पोटाबद्दल बोलत नसाल अशी आशा आहे! २००० सालच्या त्या उघड्या अंगाच्या व्हिडिओने लोक गाणं सोडून शरीराबद्दल बोलू लागले आणि त्याचा त्याला किती जाच झाला, हे माहीत असेल तर ही ओळ जास्त कळते.

कोल्हापुरात बसून आपण हे विसरावं, याचं जरा नवल वाटतं. शाहू महाराजांच्या दरबारी राहिलेले अल्लादिया खाँसाहेब तरुणपणी गाऊन गाऊन आवाज बसलेले गवई होते. गाणं बराच काळ थांबलं. परतला तो आवाज पहिल्यासारखा नव्हता, म्हणून त्या आवाजाला साजेल अशी वक्र, पेचदार गायकी त्यांनी घडवली आणि तीच पुढे जयपूर घराणं म्हणून नावाजली. कुमार गंधर्वांचंही तसंच. क्षयामुळे पाचेक वर्षं गाणं बंद, आणि १९५३ च्या सुमारास ते पुन्हा बसले ते छोट्या छोट्या स्वरवाक्यांचं, माळव्याच्या लोकधुनांशी नातं सांगणारं गाणं घेऊन. त्यावरून ऐकणाऱ्यांत तट पडले ते पुढे बरीच वर्षं टिकले. आधीच्या गाण्याशी ताडून पाहणारे आणि समोरचं गाणं ऐकणारे, असे ते तट होते. तुमची बाजू आज पहिल्या तटाची आहे. ती चूक आहे असं नाही, फक्त ती कुठली आहे हे ठाऊक असलेलं बरं.

शब्द कळत नाहीत, ही तुमची तक्रार मी अर्धीच मान्य करीन. जयपूर गायकीतल्या बंदिशीचा प्रत्येक शब्द कळतो म्हणून आपण ती ऐकत नाही. पण इथे शब्दांना काम आहे. अमेरिकेत पोलिसांच्या हातून कृष्णवर्णीय माणसं मेली त्या फर्ग्युसन आणि एरिक गार्नर प्रकरणांत पोलिसांवर आरोप ठेवायचे नाहीत असे निर्णय २०१४ च्या अखेरीस आले, रस्त्यांवर निदर्शनं झाली, आणि पुढल्या वर्षी यायचा असलेला अल्बम घाईने डिसेंबरातच काढला गेला. ‘द शराड’ (तिसरं गाणं) कानाला जवळजवळ गोड लागतं आणि त्यात त्याच रस्त्यांवरची माणसं आहेत. तेव्हा एकदा तरी शब्द समोर ठेवून ऐका. पहिल्यांदा मात्र नको, नाहीतर डोळे वाचतात आणि कान सुट्टीवर जातात.

आता दुसरी बैठक. ती घ्याच, आणि तुमच्या घरी घ्या, हॉलमध्ये.

दोन स्पीकर लागतील. कुणाकडून उसने आणा. दोघांमध्ये पाच ते सहा फूट, आणि ऐकणाऱ्यापासून दोन्ही तेवढ्याच लांब, म्हणजे समभुज त्रिकोण. मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढा. कोपऱ्यात ठेवलेत तर बेस घुमतो आणि मग लय खरोखरच गढूळ ऐकू येते. खाली बसणार असाल तर कान जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर येतो. स्पीकरचा वरचा छोटा ड्रायव्हर त्या उंचीला हवा, म्हणून स्टूल पाहा. फरशी उघडी असेल तर सतरंजी अंथरा आणि स्पीकरसमोरच्या भिंतीवर घरातली एखादी जाड वाकळ टांगा. टाळी वाजवून बघा: ‘टण्ण’ असा शेपटा ऐकू येत असेल तर अजून एक टांगा. पाच जण त्रिकोणाच्या टोकावर मावत नाहीत. तिघं पुढे, दोघं मागे, आणि मध्यंतरात जागा बदलायच्या. तबलावाल्याला मधली जागा द्या.

आवाज किती? शेजारच्याशी बोलायला गळा थोडा चढवावा लागेल इतका. फोनवरच्या मापकात ७५ डेसिबलच्या आसपास. शफल, क्रॉसफेड, बेस बूस्ट, ‘सराउंड’ वगैरे सगळं बंद. मधे जाहिरात वाजणारं खातं वापरू नका. ‘वूडू’शी तुलना करायचीच असेल तर एकेकच गाणं घ्या आणि दोन्हींचा आवाज आधी सारखा करा, कारण एक-दोन डेसिबलने मोठं वाजलेलं गाणं कानाला उगाचच बरं वाटतं. आणि बैठक मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नका. डॉल्बीच्या भिंतीसमोर रात्र काढलेला कान काही काळ बोथटच असतो.

अल्बम ५६ मिनिटांचा आहे. बैठकीआधीच्या आठवड्यात प्रत्येकाने घरी, साध्या तारेच्या हेडफोनवर, तो एकदा सलग ऐकून यायचं. आवडला की नाही ते कुणी ग्रुपवर लिहायचं नाही. बैठकीत मात्र क्रम मोडा. दुसरं गाणं, ‘थाउजंड डेथ्स’, एका भाषणाने सुरू होतं, मग आवाज फाटलेला आणि ड्रम अंगावर येणारा. मऊ सोलच्या आशेने आलेली माणसं इथेच उतरून जातात. तुमचा मित्रही तिथेच उतरला. म्हणून आधी ‘रिअली लव्ह’, मग ‘शुगा डॅडी’, ‘बिट्रे माय हार्ट’ आणि शिट्टी वाजवत चालणारं छोटं ‘द डोअर’. ही वीस मिनिटं झाली. दहा मिनिटं बोला. मग पहिली तीन गाणी ओळीने, चौदा मिनिटं, आणि थापेची कसोटी इथेच. सगळ्यात शेवटी ‘अनदर लाइफ’. त्यात सतारीसारखा झणत्कार ऐकू येतो, पण ती मिरजेची सतार नाही. ते गिटारसारखं धरून वाजवायचं इलेक्ट्रिक सितार आहे. घोडीची जव्हारी, म्हणजे तार घोडीला घासून येणारा झणत्कार, तेवढी आपल्या सतारीवरून उचललेली. भक्त मित्र ‘कलाकाराने लावलेला क्रम मोडायचा?’ म्हणून कुरकुर करेल. त्याला सांगा, घरी तू हव्या त्या क्रमाने ऐक.

बोलायची पद्धत बदला, बाकी काही बदललं नाही तरी चालेल. पहिल्या फेरीत प्रत्येकाला दोन मिनिटं आणि एकच अट: वाक्यात गाण्याचं नाव आणि शक्यतो मिनिट-सेकंद हवा. ‘शुगा डॅडीत पियानो सुरू होतो तिथे पाय हलायला लागला’ हे चालेल. ‘मास्टरपीस’, ‘बकवास’, ‘नाद खुळा’ हे शब्द पहिल्या फेरीत बाद. आवडलं-नावडलं दुसऱ्या फेरीत. तुमचा कट्टा नोव्हेंबरात मोडकळीला आला तो निकाल आधी आणि पुरावा नंतर लागल्यामुळे. पाच जणांचा एकच निकाल निघायला हवा, ही अपेक्षाही सोडून द्या. सहा वर्षांत तुमचं प्रत्येक अल्बमवर एकमत झालं असेल, तर कुणीतरी दर महिन्याला तुमच्यासारखी मान डोलावत होतं, असंच मला वाटेल.

हीच रीत बाकीच्या कट्ट्यांनाही लागू पडते. गायिका शाडे २०१० साली दहा वर्षांनी लष्करी थाटाचे ड्रम घेऊन परतली, गायक मॅक्सवेल २००९ साली आठ वर्षांनी. तेव्हाही असेच वाद झाले. परतलेल्या कलाकाराचं काहीही ऐकायला बसण्याआधी एवढं पाहून घ्या, की सोबत वाजवणारे कोण बदलले आणि ध्वनिमुद्रण कसं झालं. ‘ब्लॅक मसाया’वर नुसतं डी’अँजेलोचं नाव नाही, ‘डी’अँजेलो अँड द व्हॅनगार्ड’ असं आहे. तो जथ्याचा अल्बम आहे. एकट्या गळ्याच्या मागे कान लावून बसलं की निराशा ठरलेली.

तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं आता लहान आहेत. कानात काही कमी नाही. आणि खरं बोला, पण ग्रुपवर नको. आधी भक्त मित्राला एकट्याला भेटा, चहाला, आणि साधं सांगा: “त्या रविवारी मी तुलाही हो म्हणालो आणि त्यालाही. खरं म्हणजे मला तो अजून पकडता आलेला नाही. तुला त्यातलं कुठलं गाणं पहिल्यांदा लागलं ते सांग, तिथनं सुरू करतो.” त्याच्या दहा वर्षांच्या टोमण्याबद्दल तुम्ही काही बोलू नका; तबलावाल्याची माफी मागायची की नाही ते त्याचं त्याला कळेल. तबलावाल्याला वेगळा निरोप: “लय सुटलीय म्हणालास ते तपासायचंय. तबला नको, हात घेऊन ये.” अल्बमचा बचाव ऐकायला बोलावलंत तर तो येणार नाही. तपासायला बोलावलंत तर वेळेआधी हजर होईल.

एवढं सगळं करून तुम्हाला तो नाहीच आवडला, तर फोनमध्ये आवडलेली दोन-तीन गाणी ठेवा, बाकीची काढून टाका आणि पुढच्या महिन्याचा अल्बम निवडायची पाळी मैत्रिणीला द्या. तिचं म्हणणं त्या रात्री कुणीच पुढे विचारलं नाही.

बैठक सातला सुरू करा, जेवण साडेनऊनंतर. आणि रस्सा तोवर झाकण लावून आतच राहू दे. त्याचा वास हॉलमध्ये आला, तर ‘अनदर लाइफ’ला कुणी थांबणार नाही.